इटली स्टारची फीत आणि सव्वादोन वर्षांचा प्रवासी

आमच्या घरात इटली आली ती एका काळ्या पत्र्याच्या ट्रंकेतून. सासूबाईंचे वडील खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून मराठा पलटणीत भरती झाले आणि सप्टेंबर १९४३ मध्ये आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर जहाजातून इटलीच्या तारांतो बंदरात उतरले. त्या हिवाळ्यात ते जखमी झाले. त्यांना नेपल्सच्या दक्षिणेकडच्या एका इस्पितळात हलवलं. मार्च १९४४ मध्ये तिथला व्हेसुव्हियस ज्वालामुखी पेटला, तेव्हा ते तिथे खाटेवर पडून होते. "रात्री डोंगराच्या अंगावरून निखारा वाहायचा आणि सकाळी पांघरुणावर राख असायची," एवढंच ते सांगायचे. लढाईबद्दल घरात कधी बोलले नाहीत. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लहानपणापासून तो डोंगर बघायचा होता.

आईंचं वय ६८, दोन्ही गुडघे दुखरे. आमची थोरली साडेसहा वर्षांची, धाकटा सव्वादोन. यांना घेऊन बसच्या टूरला जायचं म्हणजे रोज सकाळी सहाला बॅगा भरा, रोज नवं हॉटेल, रोज पाचशे किलोमीटर. ते आम्हाला झेपणारं नव्हतं. जहाजाची कल्पना मलाच सुचली. खोली एकच, बॅग एकदाच उघडायची, आपण झोपेत असताना गाव बदलतं. शोधता शोधता एक सात रात्रींचा मार्ग सापडला: जिनोआ, नेपल्स, मेसिना, माल्टाचं व्हॅलेटा, मग एक दिवस नुसता समुद्र, बार्सिलोना, मार्सेल आणि परत जिनोआ. नेपल्स दुसऱ्याच दिवशी येत होतं. मे २०२४ चं बुकिंग केलं. मुलांना मूळ भाडं नव्हतं, फक्त बंदराचं शुल्क होतं. आणि एक गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती. परदेशी टूरच्या पैशांवर टीसीएस नावाचा कर आगाऊ घेतला जातो. तेव्हा सात लाखांपर्यंत पाच टक्के आणि त्यावर वीस टक्के असा दर होता. आयकर विवरणात तो परत मिळतो, पण बुकिंगच्या वेळी खिशातून द्यावाच लागतो.

खरं काम कागदांचं. मुलांचे पासपोर्ट हुबळीच्या केंद्रात काढले. आई-वडील दोघांच्या संमतीचा अर्ज लागतो, आणि मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. पुढे व्हिसाचे अर्ज भरताना आमच्या गावाचं नावच आडवं आलं. माझ्या, ह्यांच्या आणि आईंच्या पासपोर्टवर जन्मस्थान 'बेलगाम'. मुलांच्या पासपोर्टवर 'बेळगावी'. घरात आम्ही सगळे म्हणतो बेळगाव. एका एजंटनं सांगितलं की पाचही जणांचं प्रतिज्ञापत्र करावं लागेल, वेगळे पैसे पडतील. मी ते केलं नाही. अर्जासोबतच्या पत्रात चार ओळी लिहिल्या: १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बदललं, त्याआधीच्या आणि नंतरच्या कागदांवरची दोन्ही नावं एकाच शहराची आहेत. कुणी काही विचारलं नाही. सीमाभागातल्या कुणालाही हे उपयोगी पडेल म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

व्हिसा कोणत्या देशाचा मागायचा याचा नियम सोपा आहे. जिथे जास्त दिवस, त्या देशाचा. आमची तीन बंदरं इटलीत, शिवाय मिलानची एक रात्र, म्हणून इटली. इटली, माल्टा, स्पेन, फ्रान्स हे चारही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात येतात, त्यामुळे अडचण नव्हती. पण तुमचं जहाज मध्येच ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानला लागणार असेल, तर परत आत येण्यासाठी मल्टिपल एंट्रीचाच व्हिसा हवा. हे आधी बघा. विमा कमीत कमी तीस हजार युरोचा लागतो. जहाजावरचा डॉक्टर त्यात धरला आहे का, हे मी फोन करून विचारलं आणि उत्तर ईमेलवर मागून घेतलं. त्याचा पुढे फार आधार झाला.

माझी बहीण कोल्हापूरला असते, आमच्यापासून एकशेदहा किलोमीटरवर. ती व्हिसाला पुण्या-मुंबईकडे जाते. आमचा पत्ता कर्नाटकातला, म्हणून आम्ही बंगळुरूला. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर जाऊन सकाळी केंद्रावर उभे राहिलो. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. सहा वर्षांखालच्यांना फी नाही. मोठ्यांना तेव्हा ८० युरो होती, आम्ही परत आल्यावर जूनमध्ये ती ९० झाली. आईंचे ठसे काही केल्या उमटेनात. आयुष्यभर भाकऱ्या थापलेले, राखेनं भांडी घासलेले हात. तिथल्या मुलीनं ओला टिशू दिला, बोटं पुसली, पुन्हा दाबली. चौथ्या खेपेला घेतले. आई मला हळूच म्हणाल्या, "ह्याच्यावरनं नाकारणार नाहीत न्हवं?" अठरा दिवसांनी पाचही पासपोर्ट व्हिसासकट घरी आले.

आता सामान. आईंनी नात्यातल्या प्रत्येकाला विचारून यादी केली होती आणि त्यात कुंदा पहिला होता. पण युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. कुंदा दुधाचा, म्हणजे तो राहिला. तूप राहिलं, पेढे राहिले. लहान बाळांची दुधाची पावडर आणि बाळांचा बंद पाकिटातला खाऊ दोन किलोपर्यंत चालतो, पाकीट मात्र फोडलेलं नको. म्हणून धाकट्याची दुधाची पावडर, मेतकूट, भाजलेले पोहे, खाकरा, आलेपाक आणि लिंबाचं गोड लोणचं एवढंच घेतलं. खडेबाजारातून एक फुगवायचा टब घेतला, तो का ते पुढे सांगते. आणि घरातला छोटा इलेक्ट्रिक कुकर. मऊ भात मिळाला नाही तर धाकटा जेवणार नाही, ही माझी भीती.

जिनोआच्या बंदरावर बॅगांना चिठ्ठ्या लावून त्या खाली द्यायच्या असतात, त्या आपोआप खोलीसमोर येतात. आमच्या चार आल्या, पाचवी आली नाही. संध्याकाळी सुरक्षा विभागातून बोलावणं आलं. एक्स-रेमध्ये कुकर दिसला होता. आगीच्या भीतीनं जहाजावर इस्त्री, किटली, कुकर काहीच चालत नाही. त्यांनी कुकर ठेवून घेतला, नारिंगी चिठ्ठीवर खोलीचा नंबर लिहून हँडलला बांधली आणि पावती दिली. मला रडू आलं, खरं सांगते. बावीस तासांचा प्रवास झाला होता, धाकटा मिलानपासून बिस्किटांवर होता. तेवढ्यात वरच्या जेवणघरात वाढणाऱ्या एका पोरानं आईंची इरकल साडी बघून कन्नडमध्ये विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. तो कारवारचा निघाला. आमच्याकडे पोरं दोन्ही भाषा ऐकतच वाढतात, त्यामुळे धाकट्यानंच त्याला "इल्ला", नाही, म्हणून सांगितलं. पाच मिनिटांत वाटीभर गुरगुट्या भात आला, मीठ वेगळं. पुढचे सात दिवस तो भात रोज साडेसहाला आमच्या टेबलावर असायचा. जहाजावर भारतीय आचारी आणि वाढपी पुष्कळ असतात. पहिल्याच रात्री जाऊन बोला, लाजू नका.

खोलीबद्दल एक सांगते. बहुतेक खोल्या चार जणांच्याच असतात, म्हणून आम्ही मधल्या दारानं जोडलेल्या दोन घेतल्या, खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर. तिथे डोलणं सगळ्यात कमी. बाल्कनी मुद्दाम घेतली नाही. सव्वादोन वर्षांचं मूल खुर्चीवर चढायला किती वेळ लावतं, हे आई असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आमची गोल खिडकी काचबंद होती आणि तिच्या कट्ट्यावर धाकटा तासन् तास बसायचा. शिवाय जहाजाच्या तलावात लंगोट घालणाऱ्या मुलांना उतरू देत नाहीत, आरोग्याच्या कारणानं. खोलीत नुसता शॉवर. म्हणून तो खडेबाजारातला टब. रोज दुपारी शॉवरखाली तो भरायचा आणि पोरगं त्यात अर्धा तास खुश.

पहिल्या संध्याकाळी निघण्याआधी सुरक्षेचा सराव असतो. टीव्हीवरची माहिती बघायची आणि मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची. बरेच लोक कंटाळत उभे होते. आई मात्र सगळ्यात पुढे. मुलांच्या मनगटावर जागेचं अक्षर लिहिलेला पट्टा बांधतात, म्हणजे गडबडीत मूल कुणालाही सापडलं तरी कुठे न्यायचं ते कळतं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिलियो बेटाशी कोस्ता कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता. तेव्हापासून सराव आधी आणि निघणं नंतर, असा नियम झाला. मी धाकट्याचं लाइफ जॅकेट खोलीत त्याला दोनदा घालून बघितलं. त्याच्या मापाचं वेगळं मागावं लागलं. तुम्हीही मागा.

नेपल्स. पहाटे पाचला आई तयार होऊन बसल्या होत्या. थोरलीला उठवून आम्ही वर डेकवर गेलो. उजाडत होतं. आधी नुसतं धुकं, मग त्यातून दोन शेंड्यांचा डोंगर वर आला. आम्ही सह्याद्रीची माणसं, डोंगर नवा नाही, पण हा शहराच्या डोक्यावर एकटाच उभा होता. धूर नव्हता. १९४४ नंतर तो पेटलेलाच नाही. आईंनी कनवटीचा रुमाल सोडला. आत त्यांच्या वडिलांचं पदक होतं, इटली स्टार. तांब्यासारख्या रंगाची सहा टोकांची चांदणी आणि तिची फीत. ती फीत ट्रंकेत इतकी वर्षं गुंडाळलेली होती की तिच्या घड्या मोडत नव्हत्या. थोरलीनं ती बोटानं सरळ केली आणि बंदराकडे बघत म्हणाली, "आज्जी, तेच रंग!" धक्क्यावरच्या इमारतीवर इटलीचा झेंडा होता. लाल, पांढरा, हिरवा. फितीतही मध्ये हिरवा, दोन्ही बाजूंना पांढरा, कडेला लाल. हे आमच्यापैकी कुणाच्याही कधी लक्षात आलं नव्हतं. आई काही बोलल्या नाहीत. फीत डोळ्यांना लावली आणि डोंगराकडे बघत उभ्या राहिल्या, खाली नाश्त्याची घंटा होईपर्यंत.

त्या दिवशी काय काय बघायचं यावर घरी महिनाभर चर्चा झाली होती. ह्यांचं म्हणणं, कासिनो गावची युद्धस्मशानभूमी बघू, तिथे आपल्या सैनिकांची स्मारकं आहेत. पण ते सुमारे शंभर किलोमीटर, आणि जहाज संध्याकाळी निघणार. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतं, आपण आपले गेलो आणि अडकलो तर थांबत नाही. मी म्हणत होते पॉम्पेई, व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलेलं जुनं शहर. तिथे दगडी, खाचखळग्यांचे रस्ते, सावली नाही, ढकलगाडी चालत नाही. शेवटी आईंनीच निकाल दिला. "बघायचं होतं ते बघून झालं. आता पोरांना घेऊन सावकाश फिरूया की." बंदरापासून चालत दहा मिनिटांवर कास्तेल नुओव्हो हा जुना किल्ला आहे. तिथपर्यंत गेलो, एका गल्लीत बसून मार्गारिटा पिझ्झा खाल्ला, आईंनी आलेपाकाची वडी तोंडात टाकली आणि दोन वाजता परत. धाकटा खांद्यावर झोपला होता.

त्या दिवसापासून आमचा नियमच झाला: एका बंदरात एकच गोष्ट, तीही दुपारच्या झोपेच्या आधी. मेसिनात तर तो नियम आमच्यासाठीच केल्यासारखा जमला. चर्चच्या घंटाघरात १९३३ सालचं मोठं घड्याळ आहे. दुपारी बाराला वरचा सोनेरी सिंह शेपटी हलवून डरकाळी फोडतो, मग कोंबडा पंख पसरून आरवतो. १९०८ च्या भूकंपात हे शहर जवळजवळ सगळं पडलं होतं, चर्च आणि घंटाघर त्यानंतर पुन्हा उभं राहिलं. धक्क्यापासून दहा मिनिटं चाल. धाकट्यानं सिंह ऐकला आणि "पुन्ना, पुन्ना" सुरू केलं. पुन्हा दुसऱ्या दिवशीच, हे त्याला कसं सांगणार! आणि दुसऱ्या दिवशी व्हॅलेटातही बरोबर बारालाच तोफ उडते. बंदराजवळून अठ्ठावन्न मीटर उंच लिफ्टनं वर अपर बाराका बागेत गेलं की खाली तोफांची रांग दिसते. पिवळ्या दगडाचा सगळा गाव आणि खाली निळं बंदर. आईंच्या गुडघ्यांना लिफ्टचं फार कौतुक वाटलं. तोफ उडाल्यावर धाकटा माझ्या गळ्यात आणि थोरली कठड्यावर. माल्टाची भाषा अरबीच्या घराण्यातली पण रोमन लिपीत लिहिलेली. पाट्या वाचायला सोप्या, कळायला अवघड. दोन लिप्यांच्या पाट्या वाचत मोठ्या झालेल्या माझ्या मुलीला त्याची फार गंमत वाटली.

मग नुसत्या समुद्राचा दिवस आला आणि धाकट्याला ताप चढला. सकाळी शंभर, दुपारी एकशे दोन. शहापूरच्या आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी वजनाप्रमाणे तापाचं औषध, ओआरएस आणि उलटीचं औषध चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. ते दिलं, पण चारी बाजूंना पाणी आणि पोटाशी तापलेलं मूल. तो दिवस मला कधी विसरता येणार नाही. जहाजावरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं कान, घसा, छाती शांतपणे तपासली. घशाचा संसर्ग निघाला. बिल युरोत, आणि आमच्या इथल्या दवाखान्याच्या मानानं कितीतरी पट. प्रत्येक कागद मागून घेतला, निदान इंग्रजीत लिहून घेतलं. घरी आल्यावर पाच आठवड्यांनी विम्याचे पैसे मिळाले, कारण तो जुना ईमेल माझ्याजवळ होता.

बार्सिलोना मी पाहिलं नाही. आमचे हे थोरलीला घेऊन सग्रादा फमिलियाला जाऊन आले. १८८२ पासून बांधकाम चालू असलेलं चर्च. ती परत येऊन म्हणाली, "आई, अजून क्रेन आहेत." मी आणि आई गोल खिडकीशी बसून धाकट्याला मेतकूट-भात भरवत होतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. जहाज घेतलं म्हणूनच त्या दिवशी आजारी मुलाला बसमध्ये घालून पुढच्या गावी न्यावं लागलं नाही. लहान मुलं असणाऱ्यांनी हा प्रवास निवडावा तो एवढ्यासाठी.

बार्सिलोना ते मार्सेल वाटेत लायन्सचं आखात लागतं. उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा येतो आणि समुद्र खवळतो. त्या रात्री कपाटाची दारं आपोआप उघडत-मिटत होती. थोरलीला मळमळ झाली. तिला वर मोकळ्या हवेत नेलं, क्षितिजाकडे बघायला लावलं, आलेपाक आणि कोरडा टोस्ट दिला. आई निवांत. म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी असल्याच रात्री काढल्या असतील, खाली होल्डमध्ये."

सकाळी मार्सेल. ८ जुलै १९१० ला याच बंदरात सावरकरांनी मोरिया बोटीच्या खिडकीतून उडी घेतली होती. आमच्या हिंडलग्याच्या तुरुंगात तेच सावरकर १९५० मध्ये स्थानबद्ध होते. त्या तुरुंगावरून आम्ही आठवड्यातून एकदा तरी जातो. थोरलीला मी आमची गोल खिडकी दाखवून सांगितलं, अशाच खिडकीतून. तिनं खिडकीच्या काचेला हात लावला, खाली पाण्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग पकडलं का त्यांना?" पकडलं, असं सांगितलं. फ्रान्सच्या जमिनीवर पकडलं म्हणून पुढे तो खटला हेगच्या लवादापर्यंत गेला आणि १९११ मध्ये निकाल इंग्रजांच्या बाजूनं लागला, हेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. धाकट्याचा ताप उतरला होता. आम्ही तासभर बंदरावर उन्हात बसलो.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, औषधं, पासपोर्ट, लंगोट एका हातपिशवीत आधीच बाजूला काढा. आमच्या शेजारच्या खोलीतल्या एका बापाला सकाळी मुलाची विजार मागायला आमच्याकडे यावं लागलं. जिनोआला उतरताना पावती दाखवल्यावर माझा कुकर परत मिळाला.

घरी पोचलो त्या दिवशी वळवाचा पाऊस झाला होता, वीज नव्हती. आईंनी चुलीवरच पिठलं-भात केला. वीज आल्यावर मी कुकर धुऊन मांडणीवर ठेवला. हँडलची नारिंगी चिठ्ठी काढायला गेले, तर धाकट्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, "बोटीचं हाय ते." म्हणून ठेवली आहे.